चेंडू नसताना पडलेले

सुरुवातीचा हिशेब असा होता की डेलमार व्हॉसला खुर्ची मिळणार होती. मार्लो क्रीक कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या मुख्य कोचची ती फिरती खुर्ची, डाव्या हातातून कापूस बाहेर आलेली. रॉइस हेबरमन तिच्यावर बावीस वर्षं बसला होता आणि तिच्यासमोरच्या लोखंडी घडीच्या खुर्चीवर त्याचा सहायक डेलमार तेवढीच वर्षं. खुर्चीबरोबर दारावर नाव येणार होतं, मैदानाकडची खिडकी येणार होती, शनिवारी सामना संपला की रेडिओवाल्यासमोर पाच मिनिटं बोलायचा मान येणार होता. शिवाय गावातल्या कॅफेत लोक आपापल्या टेबलावरून हात करून म्हणणार होते, "कोच, या ना, इथे बसा." ही शेवटची बाब तो कुणाला सांगत नसे, पण त्याच्या यादीत ती सगळ्यांत वर होती. त्याची बायको लोरीन जाऊन सहा वर्षं झाली होती. कॅफेत एकटं जेवताना नजर कुठे ठेवायची, हे त्याला आता सरावाने जमत होतं.

याच्या बदल्यात द्यायचं होतं ते त्याच्या मते थोडकंच. संघाचा खेळ बदलायचा.

मार्लो क्रीक जमिनीवरून खेळायचं. चेंडू फेकायचा नाही. पोटाशी धरून पळायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलं की पुन्हा चार प्रयत्न. नेब्रास्काच्या या भागात पूर्वी सगळेच असे खेळत. आता उरले होते दोन संघ, एक हा आणि दुसरा दीडशे मैलांवरचा स्टोन रिव्हर. या खेळाचा भार फुलबॅकवर. सेंटर वाकून दोन पायांमधून चेंडू मागे देतो, त्याला चिकटून उभा असलेला क्वार्टरबॅक तो घेतो आणि मागून धावत आलेल्या फुलबॅकच्या पोटात खुपसतो. मग शेवटच्या क्षणी एकतर तिथेच सोडतो, नाहीतर हळूच काढून घेऊन स्वतः बाहेरून पळतो. फुलबॅकने मात्र दोन्ही वेळा सारखंच धावायचं. हात पोटाशी आवळायचे, मान खाली घालायची आणि थेट समोरच्या भिंतीत घुसायचं. दहातून सात वेळा त्याच्या हातात काहीच नसतं. तरी तो असा घुसतो की समोरचे तिघे-चौघे दांडगे त्याच्यावर तुटून पडतात, आणि तोवर चेंडू भलतीकडून वीस यार्ड गेलेला असतो.

या पडण्याचा इथे हिशेब ठेवतात. सामानाच्या खोलीच्या दारावर, आतल्या बाजूला, सुताराच्या जाड पेन्सिलीने. शेवटच्या सामन्यानंतरच्या सोमवारी त्या वर्षीचा फुलबॅक तिथे आपलं नाव लिहितो आणि पुढे एक आकडा, चेंडू नसताना किती वेळा पाडलं गेलं त्याचा. टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळवलेले गुण, कुणी लिहीत नाही, ती वर्तमानपत्रात येतात. फक्त सामन्यातलं पडणं धरायचं, सरावातलं नाही. त्या दारावरचा सर्वांत मोठा आकडा एकशे चाळीस आहे आणि त्याच्या आधी नाव आहे डी. व्हॉस. छत्तीस वर्षांपूर्वीचं. घोट्याला गुंडाळायची टेप संपली, शिट्टी हरवली, असल्या निमित्तांनी डेलमार आठवड्यातून दोनदा तरी त्या खोलीत जायचा आणि दार आतून लावून घ्यायचा.

तरीही फेब्रुवारीत तो कॉलेजच्या अध्यक्षा मिसेस प्रॅथर यांच्याकडे गेला. एकटाच गेला, लॅपटॉप बगलेत मारून. तीन वर्षं संघ हरत होता. चांगली पोरं भेटायला यायची, मैदान बघायची, रॉइसच्या बायकोच्या, नेडीनच्या हातचं जेवायची आणि मग विचारायची, "तुम्ही चेंडू फेकतच नाही?" पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्याच कॉलेजात नाव घालायची. डेलमारने मिसेस प्रॅथरना चाळीस मिनिटं व्हिडिओ दाखवले. मैदानभर पसरलेला संघ, सेंटरपासून पाच यार्ड मागे एकटा उभा क्वार्टरबॅक, हवेतून जाणारा चेंडू.

"आणि हे तुम्हाला शिकवता येईल?" मिसेस प्रॅथरनी विचारलं.

"दोन वर्षं अभ्यास करतोय."

"रॉइस काय म्हणतात?"

"रॉइस," डेलमार म्हणाला, "जुन्या वळणाचा माणूस आहे."

मिसेस प्रॅथर हिशेबाला पक्क्या. त्या म्हणाल्या, "रॉइस डिसेंबरात निवृत्त होतायत. खेळ बदला. दहापैकी सहा सामने जिंका. मग त्यांच्या जागी दुसरा माणूस शोधायला मी कशाला जाऊ?"

डेलमार खाली उतरला तेव्हा त्याला इतकं हलकं वाटत होतं की त्याने कॅफेत शिरून ॲपल पायचा तुकडा मागवला आणि पलीकडच्या टेबलावरच्या लोकांना उगाचच हवापाण्याचं विचारलं.

हे रॉइसला कधी सांगायचं, याचा विचार त्याने गुरुवारवर टाकला. गुरुवारी तो हेबरमनांकडे जेवायला असायचा, बावीस वर्षं. आधी चौघं असत, मग तिघं. जेवण झालं की रॉइस टेबलावर खेळ मांडायचा. मीठदाणी म्हणजे क्वार्टरबॅक, मिरपूडदाणी म्हणजे फुलबॅक, समोर लोणच्याच्या बरण्यांची भिंत. मिरपूडदाणीचं झाकण चेमटलेलं होतं, कारण रॉइसने एका जोशाच्या संध्याकाळी तिला टेबलावरून थेट फ्रिजवर नेलं होतं. मार्लो क्रीकची प्रत्येक चाल आधी त्या टेबलावर खेळली गेली होती, आणि नेडीन भांडी घासता घासता म्हणायची, "जिंकलात का? मग टेबल पुसा."

त्या गुरुवारी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा होता आणि तिच्याबरोबर दालचिनीचे रोल. रॉइसने पहिला घास घेतला आणि शांतपणे म्हणाला, "मिसेस प्रॅथरचं पत्र आलंय."

"काय म्हणतात?"

"तुला ठाऊक असेल. चाळीस मिनिटं होतास म्हणे."

डेलमारने चमचा खाली ठेवला. "रॉइस, आपण तीन वर्षं हरतोय. पोरं येत नाहीत आपल्याकडे. हा खेळ संपला रे."

"मी कुठे नाही म्हणतोय?" रॉइस म्हणाला. "मीच तुला उन्हाळ्यात म्हणणार होतो, डेल, आता फेकायला शिकू या. एका शब्दाने बोलायचंस. दोघं गेलो असतो. दार मी वाजवलं असतं."

"मला वाटलं तुला आवडणार नाही."

"विचारलंस कुठे?"

"गार होतंय," नेडीन म्हणाली.

रॉइसने मीठदाणी उचलली, चिलीवर दोनदा झटकली आणि परत ठेवली. त्या मीठदाणीत मीठ असतं हे डेलमार जवळजवळ विसरूनच गेला होता. जेवण झालं, आणि त्या दिवशी टेबल पुसायची कुणाला घाई नव्हती, कारण टेबलावर काही मांडलंच गेलं नाही.

ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला. नव्या खेळात फुलबॅक नावाची जागाच नाही. त्याच्या जागी एक हडकुळं, चपळ पोरगं लांब कडेला उभं राहतं आणि चेंडू झेलतं. हे टोबी वीबेला सांगायचं काम रॉइसने डेलमारवर सोडलं. "खेळ तुझा आहे," एवढंच तो म्हणाला.

टोबी शेवटच्या वर्षाला होता. मान नाहीच, खांद्यांवर थेट डोकं, बापासारखंच. बाप गावच्या धान्याच्या कोठारावर काम करायचा. टोबीचं नाव दारावर दोनदा आलेलं. आधी अठ्ठ्याऐंशी, मग एकशे एकतीस. गेल्या हंगामात पेन्सिल खाली ठेवताना तो डेलमारला म्हणाला होता, "पुढच्या वर्षी तुमचे एकशे चाळीस गेले, कोच. आत्ताच रडून घ्या."

आता तो डेलमारसमोर हातात हेल्मेट घेऊन उभा होता.

"जागाच नाही म्हणजे?" त्याने विचारलं. "मग मी उभा कुठे राहू?"

"सोंगाड्यांमध्ये."

सोंगाडे म्हणजे सरावापुरता दुसरा संघ. येत्या शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांचं सोंग घेऊन ही पोरं आठवडाभर पहिल्या संघासमोर खेळतात. त्यांचेच डावपेच, अंगावर त्यांच्या रंगाचे बिनबाह्यांचे सदरे. शनिवारी सदरे धुवायला जातात आणि सोंगाडे बाकावर बसतात.

टोबीने थोडा विचार केला. "म्हणजे दर आठवड्याला नवं गाव. बरंय की. घरात बसून फिरणं होईल." तो वळला, मग थांबला. "कोच, एक विचारू? तुमचा आकडा वाचावा म्हणून तर नाही ना केलंत हे सगळं?"

"चल, पळ."

"पळतो. चेंडू नसला तरी पळतो, ते येतं मला."

गंमत केली होती पोराने. पण डेलमारने मिळकतीच्या यादीत ही बाब कधी धरली नव्हती आणि आता ती आपोआप तिथे येऊन बसली. दार आता त्याचंच राहणार होतं. व्हायला हवा होता तितका आनंद त्याला झाला नाही.

नव्या खेळाची आणखी एक अट होती. तो खालून दिसत नाही. पसरलेला संघ वरून बघावा लागतो, कुठे मोकळी जागा आहे ती हेरून चाल सांगावी लागते. म्हणून बावीस वर्षं मैदानाच्या कडेला रॉइसच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला डेलमार आता बाकांच्या वर, पत्र्याखालच्या काचेच्या खोलीत बसू लागला. बासष्ट पायऱ्या चढून जायचं. आत एक टेबल, कानाला हेडफोन, त्याचं दुसरं टोक खाली रॉइसकडे. काच बंद. बँडचा आवाज भिंतीपलीकडे कुणी गादी झोडपतंय असा यायचा. खाली टचडाउन झालं की लोक एकमेकांच्या गळ्यात पडायचे. डेलमार हात वर करायचा, मग काचेत आपलं प्रतिबिंब हात वर करून उभं दिसायचं, आणि तो हात खाली घ्यायचा.

वरून माणसं मीठदाण्यांएवढी दिसतात. कुठली कुठे सरकवायची ते स्पष्ट दिसतं. चेहरे दिसत नाहीत.

संघ जिंकू लागला, हेही लिहायला हवं. पहिला सामना हरला, दुसरा जिंकला, तिसऱ्यात बेचाळीस गुण केले. कीगन नावाचा नवा क्वार्टरबॅक होता, टेक्सासहून आलेला, गालावर लव. तो चेंडू असा फेकायचा की शेजारच्या शेतातले कापणी करणारे मशीन थांबवून बघायचे. चौथ्या विजयानंतर कॅफेत खरोखरच एका टेबलावरून हात झाला. "कोच, या ना, इथे बसा." डेलमार बसला. त्यांनी तासभर कीगनच्या हाताचं कौतुक केलं. मग एकाने विचारलं, "रॉइसने म्हातारपणी कमाल केली, नाही? कुठून सुचलं त्याला?" डेलमार म्हणाला, "सुचलं खरं." आणि बिल मागवलं.

गुरुवार सप्टेंबरपर्यंत चालले. मग एका गुरुवारी नेडीनचा फोन आला की रॉइसचं पोट बरं नाही. पुढच्या गुरुवारी डेलमारनेच सांगितलं की व्हिडिओ बघायचे आहेत. त्यानंतर कुणीच काही कळवलं नाही, आणि कळवलं नाही हेही कुणी बोललं नाही. हेडफोनवर मात्र दोघं रोज बोलायचे. "डावीकडे फेक." "बरं." "पुन्हा तेच." "बरं." बावीस वर्षांच्या दोस्तीतून एवढे दोन शब्द वापरात राहिले होते.

नऊ सामने झाले. पाच जिंकले, चार हरले. दहावा स्टोन रिव्हरशी, आपल्याच मैदानावर. म्हणजे खुर्ची त्या एका शनिवारवर आली.

स्टोन रिव्हर अजून जमिनीवरून खेळणारं. म्हणून त्या आठवड्यात सोंगाड्यांना जुना खेळ खेळायचा होता आणि फुलबॅक लागणार होता. मंगळवारी टोबी वीबे स्टोन रिव्हरचा हिरवा सदरा घालून उभा राहिला. सोंगाड्यांचा सेंटर ऑस्कर नावाचा एक बुटका होता. तोही जुन्या वळणात तयार झालेला, चेंडू मागे देताना बोट न हलवणारा. पहिल्याच चालीत टोबी भिंतीत घुसला आणि पहिल्या संघाचे तिघं त्याच्यावर कोसळले. चेंडू भलतीकडून पंचवीस यार्ड गेला. दुसऱ्या चालीत तेच झालं. तिसऱ्या वेळी सगळे सावध होऊन टोबीला सोडून बाहेर धावले, तेव्हा चेंडू टोबीकडेच होता.

बचावाचा कोच लूथर शिट्टी दातांत धरून डेलमारजवळ आला. "डेल, भारी चाल आहे रे ही. कुठून उचललीस?"

"मिळते कुठेकुठे."

"विकत मिळाली तर आपणही घेऊ."

डेलमारचं लक्ष टोबीकडे होतं. तो मोजत होता. ठरवून नाही, मान आपोआप हलत होती. मंगळवारी एकतीस, बुधवारी छत्तीस, गुरुवारी हलका सराव, एकोणीस. चेंडू नसताना पडलेले शहाऐंशी. सरावातले. धरायचे नाहीत असे. प्रत्येक वेळी टोबी ढिगाऱ्याखालून उठायचा आणि आपलेच रिकामे हात वर करून दाखवायचा, "बघा, काही नाही," आणि पहिल्या संघाची पोरं त्याला शिव्या देत हसायची. मैदानावर हसणं बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं होतं. पलीकडच्या कडेला रॉइस उभा होता. त्यानेही हसून, सवयीने, शेजारी कुणीतरी आहे असं समजून डावीकडे मान वळवली. तिथे डेलमार असायचा. रॉइसने मान सरळ केली.

शनिवारी वारा होता आणि ऊन होतं. शेवटची अडतीस सेकंदं उरली तेव्हा स्टोन रिव्हर अठ्ठावीस, मार्लो क्रीक चोवीस, आणि चेंडू गोलरेषेपासून एका यार्डावर. टचडाउन झालं तर सामना, सहावा विजय, खुर्ची. तीन प्रयत्नांत तीनदा फेकून झालं होतं, तिन्ही वाया. हा खेळ मैदानभर पसरायचा. गोलरेषेजवळ पसरायला पुढे जागाच नसते, समोरचे अकराही जण तिथेच गर्दी करून उभे. डेलमारला हे माहीत होतं. त्याच्या वहीत आकडे होते. नव्या खेळात दोन यार्डांच्या आत नऊ प्रयत्न, तीन यशस्वी. गेल्या वर्षी टोबीकडून चौदा प्रयत्न, तेरा यशस्वी.

स्टोन रिव्हरने दम घेण्यासाठी वेळ मागितला होता. मिनिटभर होतं.

"चौथा," हेडफोनमध्ये रॉइसचा आवाज आला. "काय करायचं?"

"टोबीला पाठव."

पलीकडे वाऱ्याचा आवाज.

"टोबीला?"

"जुनी चाल. थेट मधून. चेंडू त्याच्याकडेच सोडायचा, काढायचा नाही."

"डेल," रॉइस म्हणाला. हेडफोनवर तो इतकं लांब पहिल्यांदाच बोलत होता. "ही चाल ऑगस्टपासून केलेली नाही पोरांनी."

"केलीय की. आठवडाभर बघतोयस ना तूही? कुणाला थांबवता आलं नाही त्याला."

"ती सोंगाड्यांनी केली. आत्ता सेंटर कोण आहे बघ."

डेलमारने काचेतून बघितलं. खाली अकरा मीठदाण्या. मधली सेंटरची, जागेवरच होती.

"पाठव, रॉइस."

हे त्याने का केलं, याचा त्याने नंतर खूप हिशेब केला. वहीतले आकडे होते हे खरं. पण टोबीने शेवटच्या सामन्यात निदान एकदा मैदानात पाऊल टाकावं, असंही मनात होतं. आणि त्या दोन्हींच्या खाली आणखी एक बारीकशी गोष्ट होती. शेवटची चाल रॉइसची असावी, टेबलावरची. जिंकलो तर मी खाली जाईन आणि म्हणेन, बघ, मिरपूडदाणीनेच केलं. यातला कुठला हेतू किती टक्के, ते त्याला आजही ठरवता आलेलं नाही.

"बरं," रॉइस म्हणाला.

टोबी धावत आत गेला तेव्हा बाकांवरची जुनी माणसं उठून उभी राहिली. त्यांना चाल कळली होती. चार महिने न दिसलेला भाऊ दारात उभा दिसावा असा आवाज त्यांनी केला. काचेतून तोही गादी झोडपल्यासारखाच आला. कीगन सेंटरला चिकटून उभा राहिला. त्याला ते सांगितलं होतं. सेंटर डार्नेललाही सांगितलं होतं. पण डार्नेलने चार महिने रोज दोनशे वेळा एकच गोष्ट केली होती, वाकायचं आणि चेंडू पायांमधून पाच यार्ड मागे भिरकावायचा. हाताने ऐकलं नाही. त्याने भिरकावला.

चेंडू कीगनच्या हनुवटीवर आदळला आणि मागे उडाला.

टोबीला ते दिसलं नाही. तो मान खाली घालून निघाला होता. पोटात काही आलं नाही, पण पोटात काही न येण्याची त्याला सवय होती. त्याने हात आवळले आणि भिंतीत घुसला. स्टोन रिव्हरचे पाच जण त्याच्यावर कोसळले. ते सगळे गोलरेषेच्या पलीकडे जाऊन पडले. ढिगाऱ्याचा तळ होता टोबी, रेषेच्या दीड यार्ड आत. चेंडू सहा यार्ड मागे गवतावर पडला होता आणि स्टोन रिव्हरचा एक जण त्याला मिठी मारून झोपला होता.

"सांगितलं होतं," असं रॉइस म्हणाला नाही. हेडफोनमध्ये थोडा वेळ वारा ऐकू आला, मग तोही थांबला. त्याने तो कानावरून काढला असावा.

डेलमार बासष्ट पायऱ्या उतरून खाली पोचला तेव्हा मैदान जवळजवळ रिकामं होतं. दूर, खेळाडूंच्या दाराकडे, रॉइस डार्नेलच्या खांद्यावर हात टाकून त्याला नेत होता. डार्नेलची पाठ हलत होती. रॉइस त्याच्या कानात काहीतरी सांगत होता. डेलमारला ते ऐकायला आलं नाही, पण काय असेल हे माहीत होतं, कारण बावीस वर्षं असल्या वेळी ते दोघं मिळून सांगत.

सोमवारी दुपारी टोबी सामानाच्या खोलीत आला. डेलमार आतच होता, टेप शोधत.

"पेन्सिल कुठेय, कोच?"

डेलमारने खिशातून काढून दिली.

टोबीने दारावर आपलं नाव तिसऱ्यांदा लिहिलं, सावकाश, आणि पुढे लिहिलं, एक.

"आठवडाभराचे शहाऐंशी आहेत," डेलमार म्हणाला. "मी मोजलेत."

"सरावातले धरत नाहीत."

"ठाऊक आहे."

"मग कशाला मोजलेत?" टोबीने पेन्सिल परत दिली. त्याच्या नाकावर अजून खपली होती. "पण तुम्हाला सांगतो, तो एक भारी होता हं. पाच जण. तुमच्या एकशे चाळीसमध्ये एकावेळी पाच कधी होते का?"

"चार," डेलमार म्हणाला. "एकदा."

"बघा." टोबी खूश झाला. "कोच, ती चाल कुणी सांगितली? पोरं म्हणतात रॉइस कोचनी."

डेलमारने पेन्सिल खिशात ठेवली. कॅफेत, रेडिओवर, सगळीकडे हेच चाललं होतं, की म्हाताऱ्याचा शेवटी जीव जुन्यात गुंतला आणि सामना घालवला. रॉइसने रेडिओवाल्याला पाच मिनिटं उत्तरं दिली होती आणि त्यात एकदाही डेलमारचं नाव घेतलं नव्हतं.

"मी," डेलमार म्हणाला.

"वाटलंच होतं," टोबी म्हणाला. "धन्यवाद." आणि गेला.

डिसेंबरात मिसेस प्रॅथरनी बाहेरून तेहेतीस वर्षांचा माणूस आणला. खेळ मात्र हाच ठेवला, मुलं नाव घालायला रांगेत होती. नव्या माणसाला वरच्या खोलीत आपला माणूस हवा होता, म्हणून डेलमारला शारीरिक शिक्षणाचे तीन तास आणि बॅडमिंटन मिळालं. कापूस निघालेली खुर्ची तीन दिवस बोळात उभी होती. डेलमार तिच्याशेजारून रोज जायचा. चौथ्या दिवशी बॉयलरवाल्याने ती खाली नेली. सामानाच्या खोलीचं दार नाताळच्या सुटीत रंगवायचं ठरलं होतं, पण रंगाऱ्याने आतली बाजू बघितली आणि बाहेरूनच रंगवलं.

जानेवारीत दुकानात नेडीन भेटली. तिच्या ढकलगाडीत दोघांपुरतं सामान होतं.

"तुला फोन करणार होते," ती म्हणाली.

"करा ना."

"रॉइस हल्ली लवकर झोपतो." तिने मिठाचा डबा उचलून गाडीत टाकला, मग डेलमारकडे बघितलं, मग टोमॅटोंकडे. "बघू."

आता हे कुणाला केवढ्याला पडलं ते मांडायचं, तर कीगनला हनुवटीवर तीन टाके. डार्नेल अजून झोपेत वाकतो म्हणे. रॉइसने खुर्ची दिली, ती तो तशीही देणार होता, आणि वर एक हरलेला सामना आपल्या नावावर घेतला, जो त्याचा नव्हता. टोबीने एक वर्ष दिलं आणि त्याबदल्यात दारावर एक आकडा घेतला, तो सर्वांत लहान. गुरुवार वर्षाला बावन्न. त्यातले अर्धे रॉइसकडे गेले, पण त्याच्यासमोर नेडीन बसते. बाकीचे डेलमारकडे आहेत, एकट्याने जेवायचे.